पेइउलिल म्हणजे नवरदेवाचं फूल

झेंडूला एस्टोनियन भाषेत 'पेइउलिल' म्हणतात. मिरजेत नर्सिंग शिकलेल्या बाईला हे ठाऊक असायचं काही कारण नाही. मुळात एस्टोनिया नावाचा मुलूख आहे हेच मला बहारीनला जाईपर्यंत माहीत नव्हतं. लिंडाबाई मला तो नकाशात दाखवायला बसल्या, तर नकाशातही तो नव्हता. तिथे सगळा एकसलग गुलाबी रशिया पसरला होता. त्यांनी समुद्राच्या काठाशी नखाने एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "आम्ही इथे होतो." मग नकाशा मिटून ठेवला.

मी बहारीनला गेले ती सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा. आमचे हे मनाम्यात एका बँकेत अकाउंटंट होते. मला एका हॉस्पिटलात स्टाफ नर्सची नोकरी लागली आणि बुसैतीनला एका अरबाच्या जुन्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. खाली लिंडाबाई राहायच्या. त्या आमच्याच हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डाच्या सिस्टर इन-चार्ज. स्वीडनहून आलेल्या म्हणून सगळे त्यांना स्वीडिश समजायचे, आणि त्याही कोणाला दुरुस्त करायच्या नाहीत. "पासपोर्ट स्वीडिश आहे," एवढंच एकदा मला म्हणाल्या. तेही पासपोर्ट हा काही फार महत्त्वाचा ऐवज नाही अशा सुरात.

पहिल्यांदा त्या आमच्याकडे आल्या त्या भांडायला. आमची पाण्याची टाकी भरून वाहत होती आणि त्यांच्या पायरीवर तळं साचलं होतं. उंच, हाडकुळी, पन्नाशी उलटलेली बाई, अंगात पुरुषी शर्ट, कमरेला साखळीने बांधलेली कात्री. दार उघडल्या उघडल्या त्यांनी इंग्रजीत तोफ सुरू केली, आणि मध्येच थांबल्या. आमच्या दारावर दसऱ्याची झेंडूची माळ होती. सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, देवळातून आणलेली, वाळून पार काथ्या झालेली. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. हात वर करून एक फूल तोडलं, तळव्यावर चुरलं, हुंगलं.

"पेइउलिल!" म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "पेइउ म्हणजे नवरदेव. लिल म्हणजे फूल. हे नवरदेवाचं फूल आहे. इथे कसं आलं?"

मी म्हटलं, आमच्याकडे हे सगळ्यालाच लागतं. दसऱ्याला, दिवाळीला, लग्नाच्या मांडवाला. गाडीला, शिवणयंत्राला. आणि बोलायच्या भरात, जीभ माझी कधीच ताब्यात नव्हती, मी म्हटलं, "तिरडीवरसुद्धा."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "ते नाही," म्हणाल्या. "ते कोणी करत असेल तर चूक करतं." फुलाचा चुरा रुमालात बांधून घेतला आणि खाली गेल्या. टाकीचं भांडण राहूनच गेलं. "कोण होती गं ही?" ह्यांनी आतून विचारलं. "नवरदेवाकडची," मी म्हटलं.

त्या चुऱ्यातलं बी त्यांनी तुपाच्या रिकाम्या डब्यांत पेरलं. बुसैतीनच्या नळाला तेव्हा मचूळ पाणी यायचं, त्याने रोपं जळत. म्हणून बाईंनी खिडकीतल्या एसीखाली बादली लावली. एसीचं ठिबकलेलं पाणी गोडं असतं हे मला त्यांच्याकडून कळलं. पुढे आमच्याही एसीखाली त्यांचीच बादली आली. हिवाळा सुरू झाला की त्यांच्या अंगणात पिवळ्या-केशरी फुलांची दाटी व्हायची. सगळं गाव वाळूच्या रंगाचं, त्यात हे एवढंसं पिवळं. मनाम्यातली मराठी मंडळी दर सणाला त्यांच्या दारात उभी राहू लागली. बाई कोणाला नाही म्हणायच्या नाहीत. फक्त कात्री उघडण्याआधी विचारायच्या, "कशासाठी?" पूजा म्हटलं की ओंजळभर. लग्न म्हटलं की डबेच्या डबे मोकळे करायच्या.

माझं नाव कुंदा. त्यांच्या जिभेला 'द' पेलायचा नाही, त्या मला 'कुंता' म्हणायच्या. मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, "माझं नावही लिंडा नाही, लिंता आहे. तुम्हीच सगळे चुकीचं म्हणता. मी कधी बोलले?" आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्याला अरबी-हिंदीची फोडणी. काम झालं की 'खलास', औषध संपलं की 'मफी'. एक शब्द मात्र त्यांनी कधी बदलला नाही. कोणी काही दिलं, दार उघडून धरलं, पाण्याचा ग्लास पुढे केला, की त्या आपल्या भाषेतच आभार मानायच्या. "आइतॅह." सफाईवाल्यालाही आइतॅह आणि मोठ्या सर्जनलाही आइतॅह. वॉर्डातल्या बहारीनी बायका त्याची नक्कल करायच्या.

कामाला बाई लोखंड. त्यांच्या वॉर्डात चादरीला सुरकुती दिसायची नाही आणि खोटं बोलणं खपायचं नाही. आम्ही भारतीय नर्सा पेशंटच्या नातेवाइकांना "होईल हं बरं" म्हणून वाटेला लावायचो. त्यांना ते पटत नसे. "आशा म्हणजे जुनं बँडेज," त्या म्हणायच्या. "वेळेवर काढलं नाही तर आत सडतं." मुहर्रकच्या एका म्हातारीचा मुलगा मासेमारीला गेला तो परतला नव्हता. ती वॉर्डात पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, आला का? सगळे म्हणायचे, इंशाल्ला. लिंडाबाई तिच्या खाटेवर बसल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "खलास, अम्मा. आता रडून घे." म्हातारीने त्यांना शिव्या दिल्या, मग त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून रडली. मला ते फार निर्दय वाटलं होतं.

आणि हीच बाई, कोणी नवऱ्याबद्दल विचारलं की सांगायची, "मी नवरी आहे." बायका हसायच्या. पंचावन्न वर्षांची नवरी! "मग नवरा कुठे आहे, सिस्टर?" "वाटेवर आहे, इंशाल्ला." सगळ्यांना ती चेष्टा वाटायची, मलाही. बाईंना चेष्टा करता येत नाही हे एवढी वर्षं शेजारी राहून माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

दत्ताराम देवगडकडचा. एका वर्कशॉपात फिटर होता. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायचा आणि जेवण झालं की खाली जाऊन लिंडाबाईंचे डबे उचलून ठेवायचा, पत्र्याची सावली नीट करून द्यायचा. त्याचं लग्न ठरलं, लीव्ह मंजूर झाली. तेव्हापासून बाई त्याला दत्ताराम म्हणेनाशा झाल्या. "ए पेइउ!" अशी हाक मारायच्या. तो लाजून लाल व्हायचा. त्याच्या मांडवासाठी त्यांनी निवडक फुलं बियाण्याला राखून वाळवली, पुडी बांधली. "गावी पाठव, पाऊस पडला की लगेच पेरायला सांग," त्याला बजावलं. "लग्नापर्यंत फुलं आली पाहिजेत. माझ्या नाकाचा प्रश्न आहे."

लीव्हवर जायच्या आधीच तो कामावर उंचावरून पडला. हॉस्पिटलात आणला तेव्हा काही उरलं नव्हतं. मृतदेह विमानाने गावी पाठवायचा होता. त्याच्या खोलीतला वसंता, त्याच्याच गावचा, लिंडाबाईंच्या अंगणात येऊन उभा राहिला. मी सोबत होते. सगळे डबे फुलांनी भरलेले होते.

"कशासाठी?" बाईंनी विचारलं. खरं तर त्यांना ठाऊक होतं.

वसंता माझ्याकडे वळला. "बाय, तुमीच सांगा तेंका. तेका तसोच पेटयेत घालून कसो धाडूचो? दोन फुला तरी घालूक होयी. तेचा लगीन होता ओ."

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "नाही."

मला वाटलं त्यांना कळलं नाही. पुन्हा सांगितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "बाजारातून दुसरी कुठलीही फुलं आणा, पैसे मी देते. ही नाही." आणि आत जाऊन कडी लावली. वसंता तसाच उभा राहिला. त्याला रडूही येईना. शेवटी दत्ताराम प्लॅस्टिकच्या गुलाबांचा हार घालून गावी गेला. मराठी मंडळींत बभ्रा झाला. गोऱ्यांचं काळीज असंच असतं म्हणे, पेटीला दोन फुलं देववली नाहीत. कोणाचीही वकिली करायची माझी इच्छा नव्हती. मी आमच्या एसीखालची त्यांची बादली उचलून त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवली.

दोन-तीन दिवसांनी बादली घेऊन त्या वर आल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसेनात.

"कुंता, आमच्या भाषेत दुसरा एक शब्द आहे. पेइएद. माती देऊन आल्यावर घरी सगळे मिळून जेवतात, ते जेवण. माझी आजी म्हणायची, हे फूल नवरदेवाचं नव्हेच, पेइएदचं आहे. मयताचं. ती ते कबरींवर लावायची. शाळेतले मास्तर म्हणायचे, म्हातारी अडाणी आहे, शब्द पेइउपासूनच आला. फळ्यावर लिहून दाखवायचे. गावात यावरून भांडणं व्हायची, लोक हसायचे. मीही हसायचे."

"मग खरं काय?"

"मास्तरांचं खरं. पुस्तकातही तेच आहे." मग म्हणाल्या, "तेच खरं असलं पाहिजे."

मग कळलं. हियुमा नावाचं त्यांचं बेट. युद्धाच्या अखेरीला रशियन फौजा येत होत्या, माणसं मिळेल त्या होडीने स्वीडनला पळत होती. लिंडाबाईंचं आर्वेद नावाच्या कोळ्याशी लग्न ठरलेलं, चर्चमध्ये जाहीरही झालेलं. होडीत जागा कमी होती. आर्वेदने त्यांना चढवलं, त्यांच्या कोटाच्या काजात अंगणातलं पेइउलिल खोचलं, म्हणाला, पुढच्या होडीने येतो. त्या स्वीडनला पोचल्या. पुढच्या होड्या आल्या, त्यांत तो नव्हता. मग रशियाचं दार बंद झालं. त्याला पकडला, सैबेरियात नेला, की तो बेटावरच कुणाशी लग्न करून नांदतोय, काहीच कळलं नाही. चौकशी करायची सोय नव्हती. पळून गेलेल्यांनी चौकशी केली की मागे राहिलेल्यांना त्रास व्हायचा.

"म्हणून मी इथे कुठल्याही मयताच्या घरी जेवत नाही," म्हणाल्या. "आणि म्हणून ते फूल दिलं नाही. मी त्या पोराला पेइउ म्हणत होते, कुंता. त्या पेइउच्या छातीवर मी माझ्या हाताने ते ठेवलं असतं, तर आजीचं खरं झालं असतं."

दुसऱ्यांची बँडेजं ओढून काढणारी ही बाई. एका शब्दाच्या अर्थावर तिने अख्खा संसार मांडला होता, नवरा नसलेला. मास्तर खरे असतील तर आर्वेद जिवंत. आजी खरी असेल तर मेलेला. मला हसूही येईना, रागही धरवेना. मी चहा ठेवला. त्या आइतॅह म्हणाल्या आणि उभ्यानेच प्यायल्या.

त्यानंतर काही वर्षं अशीच गेली. ऐंशीचं दशक अर्धं उलटलं. समोरच्या समुद्रात इराण-इराकच्या लढाईत जहाजांवर बॉम्ब पडत होते आणि आमच्याकडे नाना देशांचे खलाशी येत होते. तेव्हा मी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात होते. एक दिवस रशियन जहाजावरचा एक माणूस आला. जखमी नव्हता. पोटातला अल्सर फुटला होता. तातडीने ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला तरी बोलेना. जहाजाच्या एजंटने रशियन येणारा कोणी आणला, त्याला तो हां-हूं करी, पुढे काही नाही. डॉक्टर वैतागले. दुखतंय कुठे तेही कळेना. मी ओल्या गॉजने त्याचे ओठ पुसले. तो हळूच म्हणाला, "आइतॅह."

मी ट्रे तिथेच ठेवला. मी बायकांच्या वॉर्डाला फोन लावला. "सिस्टर, इथे या. तुमचा माणूस आहे." हे शब्द मी जपून वापरायला हवे होते. त्या धावत आल्या. त्यांना धावताना मी तेवढंच एकदा पाहिलं. दारात थांबून त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि त्यांची चाल पुन्हा नेहमीची झाली. तो आर्वेद नव्हता. वयाने बराच लहान होता.

त्यांनी आधी कामाचं विचारलं. दुखतंय कुठे, वारा सरला का, मळमळतंय का. उत्तरं मला इंग्रजीत सांगितली, मी लिहून घेतली. आपली भाषा ऐकून त्या माणसाला पाझर फुटला होता. तो थांबेचना. मग बाईंनी एक प्रश्न विचारला, अगदी लहान. त्यात मला 'हियुमा' ऐकू आलं. त्याने मान हलवली. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, त्यात 'आर्वेद' होतं. मी पेन खाली ठेवलं.

तो बराच वेळ बोलला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळला तो एकच शब्द, आणि तो पेइउ नव्हता. पेइएद होता. तो हे हसून, आठवणीत रमून सांगत होता. बाईंचा हात खाटेच्या कठड्यावर होता आणि तो तिथून हलला नाही. तेवढ्यात डॉक्टर आले. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"म्हणतोय, इंजेक्शननंतर दुखणं कमी आहे," लिंडाबाई म्हणाल्या.

दुपारी ड्यूटी संपल्यावर हॉस्पिटलच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. मुहर्रकच्या पुलावर बस आली तेव्हा बोलायला लागल्या. हँडओव्हर देताना बोलावं तसं, एकामागून एक, आवाज न चढवता. तो माणूस त्यांच्या बेटावरचा, शेजारच्या गावचा. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. आर्वेद लिंडाबाईंच्या मागोमाग, पुढच्याच होडीने निघाला होता. होडीत माणसं फार झाली होती. वादळात ती उलटली. प्रेतं त्याच किनाऱ्याला परत लागली. उचलायला हा पोरगाही गेला होता. आर्वेदच्या आईने लग्नासाठी पीठ आणि डुक्कर राखून ठेवलं होतं. तेच पेइएदला रांधलं.

"त्याला ते लख्ख आठवतं," त्या म्हणाल्या. "म्हणाला, अख्ख्या लढाईत पोटभर मांस मी त्या एकाच दिवशी खाल्लं."

मी त्यांचा हात धरला.

"आणि ती मुलगी? विचारलं मी. म्हणाला, ती नवरी ना, ती पोचली स्वीडनला. तिथे लग्न केलं असेल, आता नातवंडं खेळवत असेल. आर्वेदची आई मरेपर्यंत तिला शिव्या देत होती. हिच्यापायी माझा मुलगा पाण्यात गेला म्हणायची."

"तुम्ही त्याला सांगितलं नाही, तुम्ही कोण?"

"नाही. त्याच्या पोटाला टाके आहेत."

बस बुसैतीनला थांबली. चाळीस वर्षं ही बाई वाट पाहत होती अशा माणसाची, ज्याने शब्द पाळला होता. तो निघाला होता, तिच्या पाठोपाठच निघाला होता. मला तेव्हा देवाचा भयंकर राग आला. आजही येतो. त्यांनी रडावं म्हणून मी त्यांच्या खोलीत बसून राहिले. त्यांनीच मला चहा करून दिला आणि माझं रडणं होईस्तोवर समोर बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या त्याच्या ड्रेसिंगला स्वतः यायला लागल्या. सूप करून आणायच्या, त्याच्याशी बोलायच्या. काय बोलतात ते मी विचारलं नाही. तो उठून बसू लागला, चालू लागला. पुढच्याच वर्षी त्या निवृत्त होऊन स्वीडनला गेल्या आणि आमचा संबंध तुटला. विमानतळावर मीच पोचवायला गेले होते, पण तिथल्या त्या मला धड आठवत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या खलाशाला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशीच्या बाई.

एजंटची गाडी पोर्चमध्ये लागली होती. मी व्हीलचेअर ढकलत होते, बाई शेजारून चालत होत्या. उन्हाने डोळे उघडवत नव्हते. गाडीत बसवल्यावर त्याने काच खाली केली आणि बाईंना काही विचारलं. त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. त्याने मान हलवली, नाही नाही असं काहीसं म्हणाला. बाई पुन्हा बोलल्या. या वेळी दोन-तीन शब्द. तो त्यांच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. गाडी गेटबाहेर वळेपर्यंत ती तशीच धरलेली होती.

"काय विचारलं त्याने?" मी म्हटलं.

"आमच्या बेटावर गाव नाही विचारत, घर विचारतात. म्हणाला, एवढी सेवा केलीस, कुठल्या घरची तू? मी म्हटलं, रान्ना."

"रान्ना कोणाचं घर?"

"आर्वेदचं. तो म्हणाला, काहीतरी चुकतंय तुझं, रान्नाच्या घरातलं आता कोणी उरलं नाही." बाईंनी कपाळावर हात धरून उन्हात रस्त्याकडे पाहिलं. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. "मी म्हटलं, एक आहे. सून आहे."